रात्रभर खाजवणारं मूल सकाळी फळ्याकडे कसं बघणार?

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत:

"माझी मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. एक वर्षाची होती तेव्हापासून तिला इसब आहे. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर आणि या हिवाळ्यापासून हाताच्या बोटांवरही. रात्री दोन-तीनदा उठून खाजवते, चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. शाळा सकाळी सातची. दिवाळीनंतर चौदा दिवस बुडाले. जाते तेव्हा डुलक्या काढते, वह्या अपुऱ्या राहतात, गणितात मागे पडली आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी स्टेरॉईडचं मलम दिलंय, पण सासूबाई म्हणतात त्याने कातडी पातळ होते, म्हणून दोन दिवस लावून थांबतो. मध्ये मेडिकलमधून आणलेल्या एका ट्यूबने छान उतरलं होतं, पण नंतर दुप्पट आलं. दूध, अंडी, दही, वांगं बंद केलंय. रात्री अकराला खाजेचं सिरप देतो. दोन पालकांनी 'खरूज आहे' अशी तक्रार केल्यापासून बाईंनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. यंदा शाळा थांबवून घरीच शिकवावं का? या आजाराने मुलं मंद होतात का?"

ताई,

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो. शाळा थांबवू नका. आणि इसबाने मूल मंद होत नाही. तुमची मुलगी वर्गात डुलक्या काढते, कारण ती रात्री झोपलेलीच नसते. या वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. अकराला औषध घेऊन झोपायचं आणि सातच्या शाळेसाठी साडेपाच-पावणेसहाला उठायचं, म्हणजे पदरात जेमतेम साडेसहा तास, आणि त्यातही दोन-तीनदा जाग. एवढ्या झोपेवर कुठल्याही मुलाचं लक्ष उडेल, आदल्या दिवशी शिकवलेलं डोक्यात पक्कं होणार नाही. गणितात ते आधी दिसतं, कारण तिथे एक पायरी निसटली की पुढचं काहीच लागत नाही. म्हणून सुरुवात रात्रीपासून करा. आणि रात्र सुधारायची तर मलम पुरेसं लागलं पाहिजे. तुमच्या पत्रावरून सध्या ते फार कमी पडतंय.

खाज रात्रीच का वाढते? संध्याकाळनंतर त्वचेचं तापमान वाढतं, त्वचेतून पाणी जास्त उडून जातं, सूज आवरणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल रात्री सगळ्यांत कमी असतं, आणि अंधारात पडल्यावर मन गुंतवायला काही नसतं. त्यावर जाड गोधडी किंवा लोकरीचं ब्लँकेट आलं की ऊब वाढते आणि खाज पेटते. दिवसभर 'खाजवू नको' म्हणून आवरलेली मुलगी झोपेत स्वतःला आवरू शकत नाही. तिच्यावर चिडून उपयोग नाही.

म्हणून उपचाराचं मुख्य काम संध्याकाळी आणा. सकाळची अंघोळ बंद करा, सकाळी फक्त तोंड-हात धुणं आणि मॉइश्चरायझर. सातच्या शाळेला घाईत उरकलेली अंघोळ आणि कोरड्या अंगावर चढवलेला युनिफॉर्म, यातून पहिल्या तासालाच खाज सुरू होते.

अंघोळ संध्याकाळी सातच्या सुमारास. पाणी कोमट हवं. मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकलं तर गरम लागता कामा नये. नाशिकच्या थंडीत कडकडीत पाणी हवंसं वाटतं, खाजेला तात्पुरता आरामही पडतो, पण त्याने त्वचेतलं तेल निघून जातं आणि थोड्या वेळाने खाज आणखी जोराने येते. पाच ते दहा मिनिटं पुरे. नेहमीच्या साबणाऐवजी साबणविरहित, बिनवासाचं क्लीन्झर, तेही बगल, जांघ, पाय एवढ्यापुरतं. घासणी, बेसन, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, पाण्यात टाकायचं जंतुनाशक, सगळं बंद. दिवाळीचं उटणंही या मुलांसाठी नको; अभ्यंगाच्या दिवशी इतरांसोबत बसवा, पण तिच्या अंगाला तिचंच मॉइश्चरायझर लावा.

टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. अंग किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. बाथरूममध्येच डबा ठेवला की ही वेळ पाळता येते. केसांच्या दिशेने, वरून खाली हात फिरवत लावा. उलटं चोळलं की केसांची मुळं तुंबून पुटकुळ्या येतात. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर त्या डब्यातूनच जंतू पसरतात.

प्रमाण हा इथला कळीचा मुद्दा आहे. दहा वर्षांच्या मुलीला, संपूर्ण अंगाला दिवसातून दोनदा, आठवड्याला साधारण २०० ते २५० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. बहुतेक घरांत १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग 'क्रीमचा काही उपयोग होत नाही' असं म्हणतात. महागड्या छोट्या ट्यूबा परवडत नसतील तर पांढरं पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन समभाग मिसळलेलं मलम, किंवा मोठ्या डब्यातलं साधं बिनवासाचं क्रीम डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वस्त आणि भरपूर हे महाग आणि थेंबभर यापेक्षा कधीही चांगलं. थंडीत चिकट, तेलकट मलम चालतं. एप्रिल-मे मध्ये तेच लावलं तर घाम कोंडून पुरळ येतं, तेव्हा हलक्या क्रीमवर या. खोबरेल तेल झोंबत नसेल तर चालेल. मोहरीचं तेल नको. आणि एक सावधगिरी: पॅराफिनचं मलम मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, धुतल्यावरही थोडा अंश उरतो. गॅस, समई, फटाके यांच्यापासून तिला लांब ठेवा.

आता स्टेरॉईड. सासूबाईंची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या ट्यूबवर खर्च होतेय. कातडी पातळ होते ती अतितीव्र स्टेरॉईड महिनोन्महिने रोज लावल्याने, विशेषतः चेहरा, जांघ, बगल अशा नाजूक जागी. डॉक्टरांनी दिलेलं मध्यम ताकदीचं मलम सुजलेल्या, जाड झालेल्या जागी एक-दोन आठवडे नीट लावल्याने तसं होत नाही. दोन दिवस लावून थांबवलं की वरून राख दिसते, आत निखारा तसाच असतो. लाली गेली म्हणजे सूज गेली असं नसतं. बोट फिरवल्यावर त्वचा खरखरीत किंवा जाड लागत असेल तर आजार अजून तिथेच आहे. मग पुन्हा भडका, पुन्हा दोन दिवस मलम, असं वर्षभर चालतं, आणि एकूण हिशेब केला तर त्यात स्टेरॉईड जास्तच लागतं.

किती लावायचं याचं माप तुमच्या बोटावर आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, तळवे बोटांसकट धरायचे. तुमच्या मुलीला दोन्ही कोपरांच्या घड्यांसाठी मिळून एक पेर, दोन्ही गुडघ्यांच्या मागे मिळून एक, दोन्ही हातांच्या बोटांसाठी मिळून एक. म्हणजे तीन पेरं, दीड ग्रॅम रोज. १५ ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली पाहिजे. तुमची ट्यूब किती महिने चाललीय ते आठवा, म्हणजे मलम का लागू पडलं नाही ते कळेल.

बहुतेक मलमं दिवसातून एकदाच पुरतात. संध्याकाळी मॉइश्चरायझर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग फक्त आजार असलेल्या जागी स्टेरॉईड. एकावर एक लगेच लावलं तर औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं. मानेसाठी डॉक्टर बहुधा वेगळं, सौम्य मलम देतात. हातापायांचं मलम मानेवर आणि चेहऱ्यावर वापरू नका. त्वचा पूर्ण मऊ झाली की रोजचं थांबवा. पण ज्या जागा पुन्हापुन्हा उठतात तिथे आठवड्यातून दोन दिवस, उदाहरणार्थ बुधवार आणि रविवार, काही महिने मलम चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. वारंवार भडकणाऱ्या इसबात ही पद्धत चांगली उपयोगी पडते आणि शाळेचे दिवस वाचवते. मानेसाठी टॅक्रोलिमस हा स्टेरॉईड नसलेला पर्यायही आहे, या वयात ०.०३ टक्के ताकदीचा. पहिले काही दिवस तो झोंबतो, नंतर कमी होतं. झोंबलं म्हणून लोक तिसऱ्याच दिवशी सोडून देतात.

बऱ्या झालेल्या जागी फिकट डाग दिसतील. घरातले लोक त्याचा दोष मलमाला देतील. ते डाग इसबाच्या सुजेमुळेच पडतात आणि काही महिन्यांत मूळ रंग परत येतो. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

मेडिकलमधून आणलेल्या त्या ट्यूबविषयी आम्हाला खरी काळजी वाटते. 'छान उतरलं आणि दुप्पट आलं' हे वर्णन एका प्रकारच्या मलमाला तंतोतंत लागू पडतं: क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टेरॉईड, त्यात अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, सगळं एकत्र. सासूबाई ज्याला घाबरतात ते हेच. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉईड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती काउंटरवर मिळतात. ट्यूबवर तीन-चार औषधांची नावं एकत्र दिसली तर ती घरात ठेवू नका. असलेली ट्यूब टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण अशा मलमाने गजकर्णाचं रूप बदलतं आणि ते इसबासारखंच दिसू लागतं. त्याच कारणाने स्टेरॉईडचं इंजेक्शन किंवा नाव नसलेल्या पुड्या कुणी 'एकदम बरं करतो' म्हणून देत असेल तर घेऊ नका.

सिरपबद्दल. खाजेची जी औषधं झोप आणतात ती इसबाची खाज फारशी कमी करत नाहीत, मुलाला फक्त गुंगी आणतात. रात्री अकराला दिलेलं औषध सकाळी सात-आठला अंगातून उतरलेलं नसतं. म्हणजे पहिल्या दोन तासांतल्या डुलक्यांपैकी काही थेट त्या बाटलीतून येतायत. डॉक्टरांना हे सांगा आणि विचारा की ते बंद करायचं, की भडका असेपर्यंत काही दिवस, संध्याकाळी लवकर द्यायचं. मनाने डोस वाढवू नका. तिला नऊच्या आत अंथरुणात न्या. सुती चादर, पातळ सुती पांघरुणांचे दोन थर, म्हणजे एक काढता येतो. नखं आठवड्यातून दोनदा कापा. बोटांना भेगा असतील तर रात्री जाड मलम लावून वरून सुती हातमोजे घाला.

खूपच भडकलं असेल तर डॉक्टरांना ओल्या पट्ट्यांविषयी विचारा: मलमावर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती थर, त्यावर कोरडा सुती थर, रात्रभर. सलग काही दिवसच, आणि जंतुसंसर्ग झालेल्या जागी नाही. स्टेरॉईडवर ओली पट्टी ठेवली तर ते जास्त आत शिरतं, म्हणून हा उपाय स्वतःहून करू नका.

खाण्याचं पथ्य. पाचवीतल्या मुलीचा इसब वांग्याने होत नाही. ते उद्यापासून द्या. दूध, दही आणि अंड्याबाबत एक प्रश्न स्वतःला विचारा: ते खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी, श्वासाला घरघर असं कधी झालं होतं का? झालं असेल तर घरी सुरू करू नका, आणि झालं नसेल तरी खूप दिवस बंद होतं म्हणून पहिल्यांदा देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. दीर्घकाळ बंद ठेवलेल्या पदार्थाची खरी ॲलर्जी नंतर उद्भवू शकते. रक्ताच्या 'ॲलर्जी पॅनल'वर चाळीस पदार्थ तपासून त्यातले बारा बंद करणाऱ्या घरांत मुलं वाळतात, इसब मात्र राहतो. तुमच्या मुलीचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन या महिन्यात तपासून घ्या. दूध-अंडी बंद आणि झोप अर्धी, अशा मुलीच्या मरगळीत रक्त कमी असण्याचाही वाटा असू शकतो.

आता शाळा. शेवटचा बाक आणि तिथे एकटी बसलेली मुलगी हे वाचून राग येतो, पण बाईंशी बोलताना तो राग बाजूला ठेवा. दोन पालकांच्या तक्रारीपुढे त्यांच्या हातात सांगायला काही नव्हतं. ते तुम्ही द्या. त्वचेच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचा दाखला घ्या: हा अटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे इसब आहे, तो संसर्गजन्य नाही, मुलीने नियमित शाळेत यावं आणि वर्गात इतरांसोबत बसावं. दाखला घेतानाच डॉक्टरांना खरूज नाही ना हेही स्पष्ट विचारा. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती असते आणि घरात आणखी कुणाला तरी रात्रीची खाज असते. इसबाच्या मुलाला खरूजही होऊ शकते, तेव्हा एकदा नीट पाहून घेतलेलं बरं. मग दाखला खणखणीत असतो.

सोबत एक पानाचं पत्र द्या. पाया पडणारं नको, तक्रारीचंही नको. असं काहीसं:

"माझ्या मुलीला इसब आहे. तो स्पर्शाने, बाकाने, डब्याने किंवा कपड्याने कोणालाही लागत नाही. दाखला जोडला आहे. कृपया पुढील गोष्टींची परवानगी द्यावी. तिला इतर मुलींसोबत, उन्हाच्या खिडकीपासून दूर, पंख्याखाली बसवावं. मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासानंतर हात-पाय साध्या पाण्याने धुऊन स्वतःचं मलम लावू द्यावं. हात धुण्यासाठी तिने आणलेलं क्लीन्झर वापरू द्यावं, सॅनिटायझरची सक्ती नसावी. खाज असह्य झाली तर न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊ द्यावं. रात्री झोप झाली नसेल त्या दिवशी दुसऱ्या तासापर्यंत उशिरा येऊ द्यावं. बोटांना भेगा असताना फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी मैत्रिणीच्या वहीचा फोटो चालावा."

यातली उशिरा येण्याची मुभा सगळ्यांत मोलाची. आत्ता तुमच्याकडे दोनच पर्याय आहेत, सातला शाळेत किंवा दिवसभर घरी. चौदा दिवसांपैकी बरेच दिवस आठ-साडेआठला पोचता आलं असतं तर निम्म्याहून जास्त तास वाचले असते. मुख्याध्यापकांकडून हे लेखी मिळवा, म्हणजे दारावर दररोज खुलासा करावा लागणार नाही. डॉक्टरांची वेळ दुपारनंतरचीच घ्या.

शाळा तरीही वेगळं बसवणं थांबवत नसेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ दाखवा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर त्यात बंदी आहे. अर्ज मुख्याध्यापकांना, मग शाळा व्यवस्थापन समितीला, मग गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाला. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. तशी वेळ बहुधा येत नाही. दाखला पाहिला की बाईंनाही सुटल्यासारखं वाटतं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार दिले आहेत त्यांत इसब नाही, त्यामुळे त्या नावाने परीक्षेच्या सवलती मिळणार नाहीत. पण शाळेच्या स्वतःच्या परीक्षांत भेगाळलेल्या बोटांसाठी थोडा जास्त वेळ देणं मुख्याध्यापकांना शक्य असतं, आणि ते परीक्षेच्या आधी मागावं लागतं. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्यांच्या यादीत इसब आहे. पुढच्या मोफत उपचारांसाठी तिथून चिठ्ठी मिळते. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका.

बाईंना आणखी एक गोष्ट सांगा: सगळ्यांसमोर 'खाजवू नकोस' म्हणू नये. त्याने खाज वाढते आणि चाळीस डोळे तिच्याकडे वळतात. त्याऐवजी एक खूण ठरवावी, बाकावर हलकेच बोट वाजवलं की मुलीने तिचा उपाय करायचा. उपाय तिला घरी शिकवा: खाजणाऱ्या जागी तळवा घट्ट दाबून मनात तीसपर्यंत मोजायचं, किंवा थंड पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून टेकवायची, किंवा दोन्ही मुठी आवळून धरायच्या. हाताला काम दिलं की नख लागत नाही. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेली असताना सराव करून घ्या, कारण सवय नसेल तर ऐन वेळी हात आपोआप खाजवायलाच जातो.

मैत्रिणींनी विचारलं तर काय म्हणायचं हेही तिच्या तोंडी बसवा. "इसब आहे. लागत नाही. खाज येते म्हणून मलम लावते." एवढंच, आणि विषय बदलायचा. बाई वर्गाला समजावणार असतील तर मुलीला आधी विचारून, आणि तिला उभं न करता.

दप्तरात एक छोटी डबी द्या, तीस ग्रॅमची, घरच्याच मॉइश्चरायझरची. स्टेरॉईड शाळेत पाठवू नका. सोबत दोन सुती नॅपकिन आणि मोज्यांची एक जादा जोडी. युनिफॉर्मचं कापड टेरिकॉट असेल तर आतून बाह्यांचा सुती गंजीफ्रॉक घाला, मानेमागचं लेबल कापून शिवणीचे टोकदार धागे काढा, टाय असेल तर वरचं बटण उघडं ठेवण्याची परवानगी मागा. मानेवरचा इसब कॉलरच्या कडेबरोबर उठत असेल तर कारण तिथेच आहे. कपडे धुताना पावडर निम्मी आणि खळबळणं दोनदा. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर तीनदा. खेळाचा तास बुडवू नका. घाम आला की साध्या पाण्याने धुणं, टिपणं, मलम, झालं. खेळापासून तोडलेली मुलगी मैत्रिणींपासूनही तुटते, आणि तिला आत्ता त्यांची गरज आहे.

अपुऱ्या वह्यांचा डोंगर तिच्याकडून पूर्ण करून घेऊ नका. भेगाळलेल्या बोटांनी चौदा दिवसांचा वर्गपाठ उतरवणं ही शिक्षा आहे, अभ्यास नव्हे. भाषा, परिसर अभ्यासाच्या नोट्सच्या प्रती काढा आणि वाचून घ्या. वेळ फक्त गणिताला द्या: रोज दुपारी झोपून उठल्यावर वीस मिनिटं. आधी बाईंना विचारा की नेमकं कुठे अडलं. बहुतेक वेळा भागाकार किंवा अपूर्णांकांची एखादी पायरी सापडते. प्रश्न उतरवायचा नाही, फक्त उदाहरण सोडवायचं, मग पेनही कमी चालतं. जाड पकडीचं पेन किंवा पेन्सिलीवर चढवायची रबरी पकड द्या. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते, म्हणून तुमची धास्ती समजते. त्यात कमी पडलं तरी पुन्हा परीक्षेची संधी मिळते.

एक साधी वही घाला. रोज तीनच गोष्टी लिहा: रात्री कितीदा जाग आली, मलमाची किती पेरं लागली, शाळेत किती तास गेली. दोन आठवड्यांनी ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सांगितलेल्या प्रमाणात मलम लागूनही रात्री तशाच असतील तर जंतुसंसर्ग, गजकर्ण, किंवा कशाची तरी स्पर्शाची ॲलर्जी शोधावी लागेल: पट्ट्याचं बक्कल, खोटे दागिने, काळी मेंदी. त्यातूनही राहिलं तर प्रकाशोपचार आहेत, पोटातली औषधं आहेत, इंजेक्शनंही आहेत. वही पाहिली की डॉक्टर तो निर्णय लवकर घेतात. रात्री झोप नीट लागू लागल्यावर सहा-आठ आठवड्यांनीही वर्गात लक्ष लागत नसेल, तर डोळे तपासा आणि बालरोगतज्ज्ञांशी लक्षाच्या अडचणीबद्दल वेगळं बोला.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहू नका. पिवळट खपल्या, पू, त्या जागी गरमपणा आणि वाढती दुखरी सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एकसारख्या आकाराचे बारीक फोड किंवा ठोकून काढल्यासारखे गोल व्रण झपाट्याने पसरले, ताप आला, मुलगी मलूल झाली, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, हर्पिसचा संसर्ग असू शकतो. रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या, डोळ्याजवळ फोड असतील तर विशेष घाईने, आणि तोवर त्या जागांवर स्टेरॉईड किंवा टॅक्रोलिमस लावू नका. घरात कुणाच्या ओठावर हर्पिसचा फोड (ज्याला 'जर' म्हणतात) आला असेल तर त्या व्यक्तीने तो बरा होईपर्यंत तिचा पापा घेऊ नये, तिचा टॉवेल वापरू नये.